उद्यमपुरुष शेठ वालचंद हिराचंद आणि घाटपायथ्याची वस्ती

कर्जत, नेरळ, खोपोली, चौक, खालापूर या आपल्या परिसरातील जैन कुटुंबांचा इतिहास लिहावयास बसले की पहिल्याच पानावर रेल्वेस्थानक अथवा हमरस्ता येतो. कोणाचे पूर्वज मारवाडातून आले, कोणाचे कच्छातून, कोणाचे गुजरातेतून. भात, किराणा, कापड आणि सावकारी हे त्यांचे व्यवसाय. दुकान मात्र बहुतेकांनी स्थानकासमोर नाही तर घाटवाटेच्या तोंडाशी मांडले. माणूस आपले गाव का सोडतो आणि नव्या मुलखात नेमका कोठे थांबतो, हा प्रश्न ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात आपल्यापुढे स्वाभाविकपणे उभा राहतो. त्याचे उत्तर शोधताना एका चरित्राचा फार उपयोग होतो. ते चरित्र शेठ वालचंद हिराचंद दोशी यांचे. त्यांचे घराणे स्थलांतरित होते, त्यांच्या कामांवर सहस्रावधी स्थलांतरित राबले, आणि आपल्या डोळ्यांसमोरच्या भोर घाटाशीही त्यांचा संबंध होता.

प्रारंभीच एक गोष्ट नमूद करणे उचित होय. वालचंदशेठ दिगंबर आम्नायाच्या हुमड ज्ञातीतील होते. आपल्या भागातील बहुसंख्य कुटुंबे श्वेतांबर आहेत. पंथ भिन्न असला तरी प्रवासाची रीत एकच होती. वालचंदांचे घराणे मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे. हुमड व्यापारी गुजरातेतून दख्खनेत उतरले आणि सोलापूर, फलटण, बारामती, इंदापूर, अकलूज अशा पेठांतून स्थिरावले. बोली त्यांनी घरात राखली, बाजारात मराठी स्वीकारली. दोन पिढ्यांत ती त्यांची लेखनभाषाही झाली. वालचंदांचे वडील शेठ हिराचंद नेमचंद यांचे नाव 'जैन बोधक' या मराठी जैन नियतकालिकाशी निगडित आहे. परक्या प्रांतातून आलेल्या कुटुंबाने तेथील भाषेत धर्मविचार मांडावा, याहून स्थिरावल्याचा दुसरा पुरावा कोणता हवा?

सोलापूरच का, याचेही कारण आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग पुण्याहून पुढे सरकत १८६० मध्ये सोलापुरास पोहोचला. भोवतालच्या मुलखातील कापूस तेथे गोळा होऊ लागला, आणि १८७७ मध्ये मोरारजी गोकुळदास यांची सूतगिरणी चालू झाली. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळाने पोटासाठी घर सोडणाऱ्यांची रीघ लागली होती. त्यांना येथे गिरणी दिसली. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, त्यांचे माग आले, त्यांची वस्ती झाली. दुष्काळाने माणूस बाहेर काढला आणि गिरणीने त्याला थांबविले. अशा या वाढत्या नगरात दि. २३ नोव्हेंबर १८८२ रोजी वालचंदांचा जन्म झाला. मातृसुख त्यांना लाभले नाही. माता राजूबाई अल्पावधीतच निवर्तल्या.

१८९९ मध्ये मॅट्रिक होऊन ते मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात आणि पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकले, परंतु पदवीपर्यंत गेले नाहीत. घरी सावकारी आणि कापसाची पेढी होती. तेथे त्यांचे मन रमेना. पेढीचा धंदा बसल्या जागेवरचा आणि वालचंदांचा पिंड फिरतीचा. लक्ष्मणराव बळवंत फाटक नावाच्या, पूर्वी रेल्वेत कारकुनी केलेल्या गृहस्थांशी त्यांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या येडशी ते तडवळे या छोट्या टप्प्याचे कंत्राट घेतले. एक हुमड जैन आणि एक ब्राह्मण कारकून, आणि काम मातीचे! सोलापूरच्या पेठेत त्या काळी याची चर्चा झाली नसेल तरच नवल. पण याच अरुंद रुळाच्या कामावर वालचंद माणसे जमविणे, त्यांना वेळेवर मजुरी पोहोचविणे आणि काम संपताच टोळी दुसरीकडे हलविणे या गोष्टी शिकले. पुढील सर्व उद्योगांचे मूळ येथे आहे असे प्रस्तुत लेखकास वाटते.

आता आपल्या घाटाकडे वळू. भोर घाट ही प्राचीन वाट. खोपोलीस नाना फडणविसांनी महादेवाचे मंदिर व मोठा तलाव बांधला, तो चढणीच्या पायथ्याशी. कारण तेथे बैल आणि माणूस दोघांनाही पाणी व विसावा हवा असे. १८३० मध्ये चाकांच्या गाड्यांसाठी घाटरस्ता खुला झाला. १८५६ मध्ये रेल्वे पळसदरीमार्गे खोपोलीपर्यंत आली आणि थांबली. वर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतचा लोहमार्ग १८५८ मध्ये चालू झाला. मधली चढण उतारूंनी पालखी, तट्टू अथवा बैलगाडीने पार करावी लागे. ही मधली तूट बुजविण्यासाठी जे काम झाले, ते आपल्या तालुक्यांच्या इतिहासातील माणसांची सर्वांत मोठी हालचाल होय. १८६१ च्या सुमारास या एका घाटात बेचाळीस हजारांच्या आसपास माणसे राबत होती. देशावरील गावांतून ती बायकापोरांसह येत, पावसाळा लागला की निम्मीअधिक परत जात. पटकीच्या साथीत किती मेली याची मोजदाद धड नाही. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हा आला आणि १८५९ मध्ये काही आठवड्यांतच मरण पावला. त्याची पत्नी अॅलिस हिने अभियंत्यांच्या साहाय्याने कंत्राट पुरे केले. तिचे नाव इतिहासात उरले. दरडीखाली गेलेल्या वडार आणि कुणब्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. १८६३ मध्ये मार्ग खुला झाला आणि ती बेचाळीस हजारांची वस्ती जणू हवेत विरून गेली.

वालचंदांचा घाटाशी संबंध आला तो साठ वर्षांनी. जुन्या मार्गावर खंडाळ्याजवळ गाडीस दिशा उलटवावी लागे. विजेवरच्या वेगवान गाड्यांसाठी हा अडथळा दूर करणे अवश्य होते. १९२० मध्ये टाटांसह स्थापन झालेल्या टाटा कन्स्ट्रक्शन कंपनीचे सूत्रचालन वालचंदांकडे आले होते, आणि १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी अस्तित्वात आली. भोर घाटातील नव्या बोगद्यांचे अवघड काम वालचंदांच्या या बांधकाम-उद्योगाने पार पाडले. तानसा तलावाचे पाणी मुंबईस नेणाऱ्या नळांचे कामही त्यांचेच. १९२९ मध्ये पुण्यापर्यंत विजेची गाडी धावू लागली आणि १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन सुरू झाली. एका देशी कंत्राटदाराने, तेही दुकानदारीच्या परंपरेतील माणसाने, सह्याद्रीचा कातळ फोडावा ही त्या काळी असामान्य गोष्ट होती. मात्र काम संपल्यावर येथेही तेच घडले. सुरुंग लावणारे, पाथरवट, डबर वाहणारे पुढच्या कामावर निघून गेले. बोगद्यापाशी गाव वसत नाही.

मग कर्जत कसे वाढले? ज्यांचे काम रोजचे होते ते राहिले. घाट चढण्यासाठी गाडीस मागून जादा इंजिन जोडावे लागते, ते कर्जतला; म्हणून चालक, फिटर, पॉइंट्समन येथे राहिले, त्यांच्यासाठी किराणा आला, थांबलेल्या उतारूंसाठी बटाटेवडा आला. तो आजही गाडीच्या खिडकीत पोहोचतो. टाटांचे खोपोलीचे वीजघर १९१५ मध्ये आणि कर्जत तालुक्यातील भिवपुरीचे १९२२ मध्ये सुरू झाले. वीज मुंबईच्या गिरण्यांकडे गेली, आणि विजेपाठोपाठ कामाच्या शोधात येथील तरुणही गेले. पण खोपोलीस पुढे पोलादाचे व कागदाचे कारखाने आले, तेव्हा उलट दिशेनेही माणसे आली. मुंबईपासून कर्जत सुमारे शंभर आणि खोपोली सुमारे एकशे पंधरा किलोमीटर; पहाटेची लोकल पकडून रात्री घरी परतणाऱ्याला घर सोडावे लागले नाही. लोहमार्ग माणसाला नेतो, तसा कधी कधी थांबवूनही ठेवतो. याच तालुक्यांतील कातकरी मात्र दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जातो आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततो. त्याच्या दारावरून लोहमार्ग गेला, हमरस्ता गेला, २००२ मध्ये पूर्ण झालेला द्रुतगती मार्गही गेला. त्याच्या नावावर जमीन नाही, म्हणून तो आपल्याच मुलखात प्रवासी राहिला.

वालचंदांना कंत्राटाच्या धंद्यातील ही उणीव जाणवली असावी, कारण १९२० नंतर त्यांची दृष्टी जमिनीकडे वळलेली दिसते. नाशिक जिल्ह्यात मालेगाव तालुक्यातील रावळगाव आणि पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातील कळंब ही दोन ठिकाणे त्यांनी हाती घेतली. दोन्हीकडील मुलूख उजाड. रावळगावास तर खडकाळ माळ. नीरा डाव्या कालव्याचे पाणी कळंबच्या बाजूस पोहोचले होते, तरी पाणी असूनही भांडवल व यंत्र नव्हते. १९३२ मध्ये सरकारने देशी साखरेस संरक्षण दिले आणि त्यानंतर लवकरच दोन्ही ठिकाणी साखर कारखाने उभे राहिले. कळंबशेजारी कामगारांची घरे, शाळा, दवाखाना, बाजार अशी रीतसर आखलेली वसाहत झाली आणि तिला वालचंदनगर हे नाव पडले. ज्या माळावर मुक्कामास कोणी थांबत नसे तेथे मुले जन्मली, शिकली आणि त्यांची मुले तेथील यंत्रशाळेत अभियंते झाली. तेथील साखरेचे गाळप पुढे बंद पडले. यंत्रनिर्मिती मात्र चालू राहिली आणि अवकाशयानांच्या प्रक्षेपकांचे भागही तेथे घडले. वालचंदांच्या सर्व कर्तृत्वात ही वसाहत आम्हांस सर्वांत मोठी वाटते. जहाजे व विमाने यांचे कौतुक अधिक झाले, हा भाग वेगळा.

परंतु श्रद्धेने लिहावयाच्या चरित्रातही एक गोष्ट झाकून ठेवणे योग्य नव्हे. अशा ऊसमळ्यांसाठी आजूबाजूच्या शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या गेल्या होत्या. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यानंतर खासगी कारखान्यांच्या जादा जमिनी शासनाने घेतल्या आणि त्या १९६३ मध्ये स्थापन झालेल्या राज्य शेती महामंडळाकडे गेल्या. खंडकरी शेतकरी आपल्या जमिनी परत मिळाव्यात म्हणून कित्येक दशके झगडले. कित्येकांच्या हयातीत त्या मिळाल्या नाहीत. पाण्याने आणि कारखान्याने बाहेरच्यास घर दिले, तेव्हा शेजारच्या गावातील कोणाचे तरी शेत त्यात गेले होते. ऊस तोडणारा मजूर तर आजही दरवर्षी बीड-अहिल्यानगरकडून कोयता घेऊन निघतो आणि हंगाम संपताच परततो. साखरेने एकास गाव दिले आणि दुसऱ्यास फिरती.

शेष चरित्र सर्वपरिचित असल्याने येथे थोडक्यात देतो. १९१९ मध्ये ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांचे 'लॉयल्टी' हे जहाज घेऊन नरोत्तम मोरारजी आदी सहकाऱ्यांसह त्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. सोलापूरच्या गिरणीमालकाचेच हे चिरंजीव. ५ एप्रिलला ते जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले, आणि तोच दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. परकीय जहाज कंपन्यांच्या दरयुद्धाशी वालचंद वर्षानुवर्षे झुंजले. डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला विमान कारखाना स्थापन झाला. २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणमच्या जहाजबांधणी कारखान्याची कोनशिला डॉ. राजेंद्रप्रसादांच्या हस्ते बसली. कलकत्त्यास जागा न जमल्याने हे ठिकाण ठरले होते. एका नाकारलेल्या जागेमुळे आंध्रच्या किनाऱ्यावरील एका नगराचे भवितव्य पालटले. पुढील वर्षी जपानी बॉम्ब पडले तरी काम पुन्हा उभे राहिले आणि १४ मार्च १९४८ रोजी 'जलउषा' पाण्यात उतरली. १९४४ मध्ये स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्याने मुंबईच्या उपनगरात कामगारांच्या कित्येक चाळी भरल्या.

१९४९ मध्ये त्यांस पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांनी कारभारातून अंग काढून घेतले. त्यांना पुत्र नव्हता. गुलाबचंद, रतनचंद आणि लालचंद या बंधूंनी उद्योग पुढे चालविले. पत्नी कस्तुरबाई यांचे नाव सांगलीतील एका महाविद्यालयास आहे, आणि तेथीलच अभियांत्रिकी महाविद्यालयास १९५५ मध्ये वालचंदांचे नाव देण्यात आले. ८ एप्रिल १९५३ रोजी त्यांचे देहावसान झाले, ते गुजरातेतील सिद्धपूर येथे. ज्या गुजरातेतून घराणे पिढ्यांपूर्वी निघाले होते, तेथेच सोलापुरात जन्मलेल्या या पुरुषाचा प्रवास थांबला.