कागदाच्या फुलांचा हिशेब

दिवाळीच्या सुट्टीत मी आणि ताईने रंगीत कागदाच्या पाकळ्या एकावर एक चिकटवून भेटकार्डे केली. बारा विकली गेली. कागद नि डिंकाचा खर्च वजा करून मी ऐटीत नफा मांडला. ताईने विचारले, तिच्या जागरणाचे किती धरले? मी निरुत्तर झालो. तेव्हापासून एस्थर हाउलंडचे चरित्र मला जवळचे वाटते.

एस्थर १८२८ साली अमेरिकेतील वूस्टर येथे जन्मली. वडिलांचे स्टेशनरीचे दुकान होते. १८४७ मध्ये माउंट होल्योक येथील शिक्षण संपवून ती घरी आली. पुढे विलायतेहून आलेले नक्षीदार व्हॅलेंटाइन कार्ड पाहून, आपण याहून सरस करू, असे तिच्या मनाने घेतले. जाळीदार कागद, रंगीत कागद नि फुले यांचे थर देऊन तिने नमुने बनवले. भाऊ ते घेऊन फिरतीवर निघाला. तिची अपेक्षा दोनशे डॉलरांची. मागणी आली पाच हजारांहून अधिक!

एकटीचे ते काम नव्हे. तिने मैत्रिणींना घरी बोलावून कामे वाटली. एक चित्रे कापी, दुसरी खालचे थर रची, तिसरी फुले चिकटवी. प्रत्येक कार्ड एस्थर स्वतः तपासी. कामाची मजुरी देई. १८८१ मध्ये आजारी वडिलांसाठी तिने हा भरभराटीचा धंदा विकला. १९०४ मध्ये ती वारली.

श्रमविभागणीवर आम्ही परीक्षेत पाने भरतो. एस्थरने ती घरी मांडली, मजुरीसकट.

मी वहीत नवा रकाना आखला : ताईची मजुरी. नफ्याचा तोटा झाला. पण हिशेब खरा झाला.