जानकीदेवींचं ते एक वर्ष

डिसेंबर संपत आला की आपण सगळ्याजणी मनातल्या मनात एक हिशेब मांडतो. यंदा घरात काय आलं, काय गेलं. कुणाचं लग्न जमलं, कुणाचं ऑपरेशन झालं, कुणाच्या कपाशीला भाव मिळाला, कुणाची पाखर कायमची उठली. बहुतेक वर्षं थोडी गोड, थोडी कडू अशीच जातात. पण एखादं वर्ष असं येतं की ते सरल्यावर आपण आधीच्या आपण राहत नाही. वर्ध्याच्या जानकीदेवी बजाज यांच्या आयुष्यात असं वर्ष आलं ते १९४२ चं.

बजाज म्हटलं की आपल्याला स्कूटर आठवते, नाहीतर मिक्सर. वर्धेकरांना मात्र आधी आठवतात ते शेठ जमनालालजी. गांधीजींना वर्ध्यात आणणारे, सेवाग्रामसाठी जमीन देणारे, गांधीजींनी ज्यांना आपला पाचवा मुलगा मानलं ते जमनालालजी. जानकीदेवी या त्यांच्या पत्नी. वर्षानुवर्षं त्यांची ओळख एवढीच होती. आणि ती ओळख पुसली जाण्याची वेळ आली, तेव्हा या बाईने काय केलं, ते आपल्यापैकी प्रत्येकीने एकदा समजून घेण्यासारखं आहे.

जानकीदेवींचा जन्म ७ जानेवारी १८९३ चा, मध्य प्रदेशातल्या जावऱ्याचा. घर मारवाडी, खाऊन-पिऊन सुखी. आठ-नऊ वर्षांच्या असताना लग्न झालं आणि त्या वर्ध्याच्या बजाजांच्या घरी आल्या. नवरामुलगा बारा-तेरा वर्षांचा. शाळा नाही, पुस्तक नाही. घुंघट, दागिने, सोवळं-ओवळं, मोठ्यांची मर्जी हेच जग. त्या काळी शेठजींच्या घरच्या सुनेने यापेक्षा जास्त काही पाहावं अशी अपेक्षाही नव्हती.

पुढे जमनालालजींना गांधीजींचा ध्यास लागला आणि घराची घडीच बदलली. पतीच्या शब्दाखातर जानकीदेवींनी अंगावरचं सोनं उतरवलं. ते पुन्हा कधीच घातलं नाही. मग घुंघट सोडला. १९२१ च्या सुमारास घरातल्या विलायती कपड्यांची होळी झाली. तलम, जरीचे कपडे आपल्या हाताने आगीत टाकायचे आणि जाडंभरडं खादीचं लुगडं नेसायचं, हे बोलायला सोपं आहे. एखादी जुनी पैठणी बोहारणीला देतानाही आपला हात अडखळतो, मग कपाटंच्या कपाटं रिकामी करताना काय झालं असेल!

१९२८ च्या जुलैत वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर दलितांसाठी खुलं झालं. बजाजांच्याच घराण्याचं हे मंदिर. देशातल्या अशा पहिल्या काही मंदिरांमध्ये त्याचं नाव घेतात. समाजातून विरोध झाला. पुरुषांचा विरोध पंचायतीत होतो, पण त्याचा खरा चटका बसतो तो घरातल्या बायकांना. हळदीकुंकवाला कोण येणार, लग्नकार्यात कोण पंगतीला बसणार, हे प्रश्न त्यांच्यापुढे येतात. जानकीदेवी मात्र पतीच्या बरोबरीने उभ्या राहिल्या. ज्यांच्या हातचं पाणी चालत नव्हतं, त्यांना स्वयंपाकघरापर्यंत येऊ दिलं. सोवळ्यात वाढलेल्या बाईला हे किती जड गेलं असेल, त्याची कल्पना आपण करू शकतो.

मुलं पाच. कमलनयन, रामकृष्ण, कमला, मदालसा आणि उमा. वर बजाजवाडीत सदा पाहुण्यांचा राबता. देशभरातले पुढारी वर्ध्याला आले की उतरायचे तिथेच. शेठजी कधी दौऱ्यावर, कधी तुरुंगात. जानकीदेवींनीही खादीच्या प्रचारासाठी प्रवास केला, सभांमधून भाषणं केली, सत्याग्रहात तुरुंगही पाहिला. पण एक गोष्ट लक्षात घ्या. यातलं बहुतेक सगळं सुरू झालं ते पतीच्या सांगण्यावरून. आधी ते पाऊल टाकायचे, मागून त्या. कधी कुरकुरत, कधी घाबरत, पण मागून जायच्या.

आता १९४२ कडे येऊ.

त्याआधीच्या वर्षी, म्हणजे १९४१ मध्ये, जमनालालजी तब्येतीमुळे तुरुंगातून सुटून आले होते. शरीर थकलं होतं, मनही शांतता शोधत होतं. गांधीजींनी त्यांच्यावर गाईंच्या सेवेचं काम सोपवलं. सप्टेंबर १९४१ मध्ये गोसेवा संघ सुरू झाला. लाखोंचे व्यवहार करणारा हा माणूस वर्ध्याजवळ नालवाडीला, गोपुरीत साध्या झोपडीत राहायला गेला. आजचे गीताई मंदिर आहे ना, तोच हा परिसर. गोसेवा म्हणजे गाईला घास देऊन नमस्कार करणं नव्हे. गाईची जात सुधारायची, दूध वाढवायचं, वैरणीची सोय करायची, मेलेल्या जनावराचं कातडं वाया जाऊ द्यायचं नाही, असं ते रोखठोक काम होतं. आपल्या आर्वी-आष्टीकडच्या गवळाऊ गाई ज्यांनी सांभाळल्या आहेत, त्यांना यातले कष्ट वेगळे सांगायला नकोत.

म्हणजे १९४२ चं साल उजाडलं ते बऱ्यापैकी समाधानात. जानेवारीत जानकीदेवींना एकोणपन्नास पूर्ण झाली. पती तुरुंगाबाहेर, डोळ्यांसमोर, मनासारख्या कामात. फेब्रुवारीच्या सुरुवातीला वर्ध्यात गोसेवेसाठी परिषद भरली. गांधीजी आले, बोलले. चार दिशांना पांगणाऱ्या घराच्या वाट्याला असे दिवस फार थोडे आले होते.

आणि ११ फेब्रुवारीला आभाळ कोसळलं. मेंदूत रक्तस्राव होऊन जमनालालजी काही वेळातच गेले. वय अवघं बावन्न. आजारपण नाही, अंथरुण नाही, निरोप नाही. सेवाग्रामला निरोप गेला, गांधीजी तातडीने निघाले, पण ते पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्यांच्या लाडक्या गोपुरीतच त्यांना अग्नी दिला.

त्या दिवशी जानकीदेवींच्या मनात आलं ते सती जाण्याचं. हो, विसाव्या शतकात, गांधीजींच्या वर्ध्यात. घुंघट सोडलेल्या, मंदिर खुलं करणाऱ्या, तुरुंगात जाऊन आलेल्या या बाईला नवऱ्याच्या चितेसमोर जगण्यात अर्थ दिसेना. आज हे वाचताना दचकायला होतं. पण जरा विचार करा. आठ-नऊ वर्षांची असल्यापासून जिचं प्रत्येक पाऊल एकाच माणसाच्या मागे पडलं, त्या बाईला तो माणूस गेल्यावर पुढची वाटच दिसली नाही, यात नवल ते काय? चितेत उडी घ्यायची नसली, तरी आता माझ्या जगण्याला काय अर्थ आहे, हा प्रश्न आपल्या गल्लीतल्या कितीतरी बायकांनी स्वतःला विचारलेला असतो. कुणी मोठ्याने, कुणी उशीत तोंड खुपसून.

गांधीजींनी त्यांना समजावलं. देह जाळून पतीला काही मिळणार नाही. त्यांचं अर्धं राहिलेलं काम उचललं तर तेच खरं सतीपण होईल, असा त्यांच्या सांगण्याचा रोख होता. चितेच्या धगीसमोर झालेलं हे बोलणं जानकीदेवींनी मनावर घेतलं. त्यांनी आयुष्य गोसेवेला वाहून घ्यायचं ठरवलं आणि स्वतःच्या नावावर असलेली सुमारे अडीच लाखांची मालमत्ताही त्याच कामाला देऊन टाकली. १९४२ मधले अडीच लाख! नवरा गेल्यावर बाई पहिल्यांदा कशाला घट्ट धरते, तर हातातल्या चार पैशांना. कारण उद्याचा भरवसा नसतो. जानकीदेवींची मुलं कर्तीसवरती होती, घर मोठं होतं, हे खरं. तरी आपलं म्हणावं असं जे होतं, तेही सोडून देणं सोपं नव्हतं. मुळात त्या पैशाला जपणाऱ्या, काटकसरी म्हणूनच ओळखल्या जायच्या.

गोसेवा संघाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. शाळेत न गेलेल्या बाईच्या हाती देशभर काम करू पाहणारी संस्था आली. आधी सोनं उतरवलं, घुंघट सोडला, तो पतीच्या सांगण्यावरून. आता सांगायला पती नव्हते. गांधीजींचा आधार होता, पण रोज सकाळी उठून कामाला लागायचं ते एकटीनेच. कुणी गेलं की पहिले तेरा दिवस माणसांची गर्दी असते. खरी परीक्षा चौदाव्या दिवशी सुरू होते, हे ज्या बायकांनी सोसलंय त्यांना ठाऊक आहे.

त्यात हे साल काही साधंसुधं नव्हतं. महायुद्ध दाराशी आलं होतं. सिंगापूर पडलं, रंगून पडलं, महागाईने लोक हैराण. जुलैमध्ये वर्ध्यातच काँग्रेस कार्यसमितीची बैठक झाली आणि १४ जुलैला इंग्रजांनी भारत सोडून जावं असा ठराव मंजूर झाला. देशाच्या इतिहासातला एवढा मोठा निर्णय वर्ध्यात झाला, तेव्हा तिथे सगळ्यांची सरबराई करणारे जमनालालजी नव्हते. जेमतेम पाच महिने झाले होते, तोवर ही उणीव आणि हा सोहळा एकाच वेळी जानकीदेवींच्या पुढ्यात आला.

ऑगस्टमध्ये गांधीजी आणि कस्तुरबा मुंबईला गेले. ९ ऑगस्टला पहाटे धरपकड झाली. गांधीजी पकडले गेले, त्यापाठोपाठ कस्तुरबाही. विनोबांनाही अटक झाली. दुःखाच्या दिवसांत ज्यांच्याकडे धाव घ्यायची, ती सगळी माणसं गजाआड. आठवड्याच्या आत, १५ ऑगस्टला, पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये महादेवभाई देसाई गेले. गांधीजींचे सचिव, सेवाग्रामचे रोजचे माणूस. सहा महिन्यांत या परिवारातली दुसरी बाई, दुर्गाबेन, विधवा झाली. दुसऱ्याच दिवशी, १६ ऑगस्टला, आपल्याच जिल्ह्यात आष्टीला गोळीबार झाला, गावची माणसं शहीद झाली. जानकीदेवींचा धाकटा रामकृष्ण जेमतेम एकोणीस वर्षांचा, तोही या चळवळीत तुरुंगात गेला.

वर्ष संपायला आलं तेव्हा सेवाग्राममध्ये प्राध्यापक भन्साळींचं उपोषण चालू होतं. चिमूरला सैनिकांनी बायकांवर केलेल्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून त्यांनी अन्न सोडलं होतं. ते उपोषण १९४३ च्या जानेवारीत सुटलं.

असं ते वर्ष. सुखाची पारडी किती आणि दुःखाची किती, हे मोजायला बसलं तर उत्तर उघड आहे. पण या वर्षाची दुसरी बाजूही आहे. फेब्रुवारीत चितेकडे पाहत उभी असलेली बाई डिसेंबरात एका संस्थेची धुरा वाहत होती. दुःख संपलं होतं असं नाही. दुःखाला सोबत काम मिळालं होतं, इतकंच.

पुढचं आयुष्य त्यांनी याच वाटेने काढलं. कस्तुरबा सेवाग्रामला परत आल्याच नाहीत. २२ फेब्रुवारी १९४४ ला त्या आगाखान पॅलेसमध्येच गेल्या. जानकीदेवी मात्र पुढे कितीतरी वर्षं चालत राहिल्या. १९५१ मध्ये विनोबांची भूदान यात्रा सुरू झाली, त्यात त्या उतरल्या. जमिनीबरोबर पाणीही हवं म्हणून कूपदानाचं, म्हणजे विहिरी दान मागण्याचं काम त्यांनी मनावर घेतलं. डोक्यावर हंडे घेऊन मैल मैल चालणाऱ्या बाईला विहीर म्हणजे काय, हे पुरुषाला सांगावं लागतं, बाईला नाही. १९५६ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. ‘मेरी जीवन यात्रा’ हे त्यांचं हिंदी आत्मचरित्रही आलं. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई, आणि तिच्या नावावर पुस्तक! २१ मे १९७९ ला, शहाऐंशी वर्षांच्या होऊन त्या गेल्या. पतीनंतर त्या सदतीस वर्षं जगल्या. चितेच्या त्या क्षणी ही सगळी वर्षं जळून गेली असती. त्यांच्या जन्मशताब्दीच्या सुमारास ग्रामीण भागातल्या उद्योगी बायकांसाठी त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला.

मैत्रिणींनो, आपल्याकडे काही अडीच लाख नसतात आणि समजूत घालायला गांधीजीही नसतात. पण यंदा तुमच्या ओळखीत कुणाचं कुंकू पुसलं गेलं असेल, कुणाचा आधार गेला असेल, तर तिला नुसतं रडू नकोस म्हणून येऊ नका. रडू द्या तिला. फक्त महिन्या-दोन महिन्यांनी, गर्दी ओसरल्यावर पुन्हा जा. तिच्या हाताला शोभेल असं एखादं काम तिच्यासमोर ठेवा. बचत गटाची वही असेल, अंगणवाडी असेल, शेताचा हिशेब असेल, नाहीतर नवऱ्याचं अर्धं राहिलेलं दुकान असेल. पहिल्यांदा ती नाहीच म्हणेल. पुन्हा विचारा.

आणि हे वर्ष जर तुमचंच वाईट गेलं असेल, तर एवढंच लक्षात असू द्या की जानकीदेवींनाही ११ फेब्रुवारीला पुढचे सदतीस वर्षं दिसत नव्हते.