कार्मेल मातेचा सायकलस्वार : जिनो बार्टाली

दरवर्षी १६ जुलै रोजी आपण कार्मेल मातेचा सण साजरा करतो. १९४८ साली याच दिवशी फ्रान्समधील आल्प्स पर्वतात थंडी, पाऊस आणि बर्फ यांना तोंड देत एक सायकलस्वार जगातील सर्वांत खडतर शर्यतीत आघाडीवर आला. त्याचे नाव जिनो बार्टाली. तो कार्मेल संघाचा प्रापंचिक सभासद होता. त्याची ही जीवनकथा.

जिनोचा जन्म १८ जुलै १९१४ रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहराजवळ पोन्ते आ एमा या खेड्यात झाला. वडील मोलमजुरी करीत. घरची गरिबी, पण देवावरची श्रद्धा अढळ. शाळेत असतानाच जिनो सायकल दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागला. त्याची चढावरची ताकद दुकानाच्या मालकाने हेरली आणि त्याला शर्यतीत उतरवण्याचा आग्रह धरला. घाटरस्ता लागला की इतर स्पर्धक मागे पडत आणि जिनो पुढे जाई. १९३६ साली, वयाच्या अवघ्या २१व्या वर्षी त्याने इटलीची राष्ट्रीय शर्यत 'जिरो' जिंकली.

पण आनंदाचे ते दिवस फार काळ टिकले नाहीत. धाकटा भाऊ जुलियो हासुद्धा सायकलपटू होता. त्याच जून महिन्यात एका शर्यतीत त्याची मोटारीशी टक्कर झाली आणि त्यात तो दगावला. जिनो खचून गेला. सायकल कायमची सोडून द्यावी, असे त्याने मनाशी ठरवले. घरच्यांनी व जिवलगांनी धीर दिला तेव्हा कुठे तो पुन्हा रस्त्यावर आला. या दुःखाच्या काळात त्याची प्रार्थना अधिक खोल झाली. कार्मेल संघाशी त्याचे नाते जुळले ते आयुष्यभरासाठी.

१९३७ साली बार्टाली प्रथमच 'टूर द फ्रान्स' या शर्यतीत उतरले. जवळजवळ महिनाभर रोज शेकडो किलोमीटर सायकल चालवायची, वाटेत उंचच उंच पर्वत पार करायचे, असे तिचे स्वरूप. एकूण वेळेत जो पुढे असेल त्याला पिवळी जर्सी मिळते. ती जर्सी अंगावर असतानाच बार्टाली एका पुलावरून बर्फगार पाण्याच्या ओढ्यात कोसळले. ओल्या अंगाने उठून त्यांनी त्या दिवसाचा टप्पा पूर्ण केला. पण पुढे काही दिवसांनी त्यांना शर्यत सोडावी लागली. दुसऱ्याच वर्षी, १९३८ साली, त्यांनी तीच शर्यत जिंकली. त्या वेळी इटलीत मुसोलिनीची फॅसिस्ट राजवट होती. हा विजय हुकूमशहाच्या चरणी अर्पण व्हावा अशी सत्ताधाऱ्यांची अपेक्षा होती. बार्टाली यांनी मुसोलिनीचे नाव घेतले नाही.

पुढे महायुद्ध आले. १९४० साली बार्टाली यांचा आद्रियाना हिच्याशी विवाह झाला. फ्लॉरेन्सचे कार्डिनल एलिया दाल्ला कोस्ता यांचा त्यांच्यावर लोभ होता. सप्टेंबर १९४३ मध्ये जर्मन सैन्याने इटलीचा ताबा घेतला आणि यहुदी लोकांची धरपकड सुरू झाली. कार्डिनल महोदयांनी धर्मगुरू, मठ आणि कॉन्व्हेंट यांच्या मदतीने अनेकांना आसरा दिला. या कामात त्यांनी बार्टाली यांना सामील करून घेतले. सायकलच्या पोकळ नळ्यांत फोटो आणि बनावट ओळखपत्रे लपवून ते फ्लॉरेन्स ते आसिसी असा लांबचा प्रवास करीत. नाक्यावर कोणी अडवलेच, तर विजेता सराव करतो आहे, एवढेच दिसे. या फेऱ्या किती झाल्या याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. परंतु गोल्डनबर्ग या यहुदी कुटुंबाला त्यांनी आसरा दिला, तळघरात लपवून ठेवले आणि त्यांचा जीव वाचवला, याची साक्ष त्या कुटुंबातील मुलाने पुढे स्वतः दिली. पकडले गेले असते तर बार्टाली, त्यांची पत्नी आणि लहान मुलगा, कोणाचीच धडगत नव्हती. १९४४ साली फॅसिस्टांनी त्यांना चौकशीसाठी नेलेदेखील होते. ज्या वास्तूत नेले तेथे कैद्यांचा छळ होत असे. सुदैवाने ते सुखरूप सुटले.

युद्धामुळे खेळाडूच्या उमेदीची वर्षे वाया गेली. १९४८ साली बार्टाली पुन्हा टूरमध्ये उतरले तेव्हा ते ३४ वर्षांचे होत आले होते. अनेकांनी त्यांना म्हाताऱ्यांत काढले. कान या शहरात विश्रांतीचा दिवस आला तेव्हा फ्रान्सचा तरुण लुईझाँ बोबे त्यांच्यापेक्षा २१ मिनिटांहून अधिक पुढे होता. त्याच दिवशी, १४ जुलै रोजी, रोममध्ये कम्युनिस्ट पुढारी पाल्मिरो तोल्यात्ती यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. देशभर संप आणि दंगली उसळल्या. यादवी पेटते की काय, अशी भीती निर्माण झाली. संध्याकाळी पंतप्रधान दे गास्पेरी यांचा बार्टाली यांना फोन आला. उद्या जिंकता येईल का, देशाला त्याची गरज आहे, अशा अर्थाचे ते बोलणे होते.

दुसऱ्या दिवशीचा टप्पा २७४ किलोमीटरचा होता. आलोस, वार आणि इझोआर हे तीन घाट पार करायचे होते. आकाश फाटल्यासारखा पाऊस, वर बर्फाचा मारा आणि पायाखाली चिखलाचा रस्ता. चढताना अंग घामाने भिजते आणि उतारावर तोच घाम गोठू लागतो. बोटे इतकी बधिर होतात की ब्रेक दाबता येत नाही, आणि ओल्या चाकांवर ब्रेक धड लागतही नाही. जुलियोला गमावलेल्या माणसाला घाटातले हे धोके कोणी समजावून सांगायला नको होते. बार्टाली थांबले नाहीत. ब्रियाँसाँ येथे ते पहिले आले. बोबेची २१ मिनिटांची आघाडी आता जेमतेम एका मिनिटावर आली होती. कार्मेल मातेच्या सणाच्या दिवशी, गालिबिएसारखे घाट ओलांडून त्यांनी पुन्हा टप्पा जिंकला आणि पिवळी जर्सी मिळवली. वाढदिवशी, १८ जुलै रोजी, तिसरा टप्पाही त्यांचाच झाला. २५ जुलैला पॅरिसमध्ये ते विजेते ठरले. त्यांच्या दोन टूर विजयांत दहा वर्षांचे अंतर आहे.

बार्टालींमुळे यादवी टळली असे अनेक जण सांगतात. ते खरे मानायचे तर जखमी तोल्यात्ती यांनी स्वतः केलेले शांततेचे आवाहन विसरावे लागेल. पण त्या तणावाच्या दिवसांत एकमेकांवर धावून जाणारे लोक एकाच रेडिओभोवती जमले, हेही खोटे नाही.

५ मे २००० रोजी बार्टाली देवाघरी गेले. शर्यतींविषयी ते भरभरून बोलत. युद्धकाळातल्या कार्याविषयी मात्र त्यांनी मौन पाळले. मुलगा आंद्रिया याला थोडेफार सांगितले, तेही कोठे बोलू नये अशी ताकीद देऊन. सत्कृत्य करायचे असते, मिरवायचे नसते, अशी त्यांची धारणा होती. २०१३ साली जेरुसलेममधील याद वाशेम या संस्थेने त्यांची 'राष्ट्रांतील नीतिमान' व्यक्तींमध्ये गणना केली. तो गौरव पाहायला ते हयात नव्हते.

उजवा हात काय करतो हे डाव्या हाताला कळू नये, ही प्रभू येशूची शिकवण आपल्या सर्वांना ठाऊक आहे. आज आपण केलेल्या छोट्याशा दानाचाही फोटो काढला जातो. म्हणून या कार्मेल मातेच्या सणाला कोणाला तरी अशी मदत करू या, की जी केवळ त्याला, आपल्याला आणि देवाला ठाऊक असेल.