सूरी भगवंतम

सूरी भगवंतम (१४ ऑक्टोबर १९०९ – ६ फेब्रुवारी १९८९) हे भारतीय भौतिकशास्त्रज्ञ व स्फटिकविज्ञानाचे अभ्यासक होते. खनिज स्फटिकांची स्थितिस्थापकता दिशेनुसार कशी बदलते, हा त्यांच्या संशोधनाचा एक प्रमुख विषय होता. १९५२ ते १९५७ या काळात ते हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरू होते. नांदेड व लातूरचा प्रदेश १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता आणि १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन होण्यापूर्वी तेथील उच्च शिक्षण उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेले होते.

जीवन

भगवंतम यांचा जन्म आंध्रातील कृष्णा जिल्ह्यात झाला. हैदराबादच्या निजाम कॉलेजात शिक्षण घेऊन १९२८ साली ते कलकत्त्यास चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. पुढे त्यांनी वॉल्टेअर येथील आंध्र विद्यापीठात अध्यापन केले आणि त्यानंतर ते उस्मानिया विद्यापीठात आले. १९५७ साली ते बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक झाले. १९६१ ते १९६९ या काळात ते संरक्षणमंत्र्यांचे वैज्ञानिक सल्लागार होते.

संशोधन

लाकूड शिरांच्या दिशेने सहज फुटते, आडवे फुटत नाही. स्फटिकातही अणूंची मांडणी नियमबद्ध असल्याने ताण कोणत्या दिशेने दिला, यावर त्याचा परिणाम अवलंबून असतो. अशा पदार्थांना विषमदिक् म्हणतात. काचेसारख्या समदिक् पदार्थाच्या वर्णनास दोन स्थितिस्थापकता स्थिरांक पुरतात. घनीय स्फटिकास तीन लागतात, तर सर्वांत कमी सममिती असलेल्या स्फटिकास एकवीस.

स्थिरांकांची ही संख्या गट सिद्धांत या गणिती शाखेच्या साहाय्याने काढण्याची पद्धत भगवंतम यांनी विकसित केली. ताणामुळे स्फटिकाच्या प्रकाशीय गुणधर्मांत होणाऱ्या बदलांचे स्थिरांक जर्मन शास्त्रज्ञ फ्रीड्रिख पॉकेल्स यांनी पूर्वी मांडले होते. त्यांतील काही स्फटिकवर्गांची संख्या चुकीची असल्याचे भगवंतम यांनी १९४२ साली दाखवून दिले.

जे. भीमसेनाचार यांच्यासह त्यांनी श्राव्यातीत ध्वनीने हिऱ्याचे स्थिरांक मोजले. स्फटिकातील ध्वनीच्या वेगाचा वर्ग घनतेने गुणला असता स्थिरांक मिळतो, हे त्यामागील तत्त्व होय. त्यांनी तीन स्थिरांकांपैकी एकाचे मूल्य ३९० गिगापास्कल दिले. १९५७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तेच सुमारे १२५ भरले. नव्या मूल्यांनुसार हिऱ्याचा यंग गुणांक घनाच्या कडेच्या दिशेने सुमारे १,०५० आणि कर्णाच्या दिशेने सुमारे १,२०० गिगापास्कल येतो. मोजमाप सुधारले, तरी घनीय स्फटिकास तीनच स्थिरांक लागतात, हा सममितीचा निष्कर्ष अबाधित राहिला.

महत्त्व

नांदेड-लातूर परिसरातील काळ्या पाषाणात, म्हणजे बेसाल्टमध्ये, फेल्डस्पार व पायरॉक्सीन ही खनिजे प्रामुख्याने असतात. त्यांचा प्रत्येक कण विषमदिक् असतो. परंतु असंख्य कण वेगवेगळ्या दिशांना वळलेले असल्याने एकूण खडकात हा फरक बराचसा झाकला जातो. भूकंपलहरींचा वेग खडकाच्या स्थितिस्थापकतेवर व घनतेवर अवलंबून असतो. त्यामुळे ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप अनुभवलेल्या या भूमीत हा विषय केवळ पुस्तकी राहत नाही.

भगवंतम यांचा ‘क्रिस्टल सिमेट्री अँड फिजिकल प्रॉपर्टीज’ हा इंग्रजी ग्रंथ १९६६ साली प्रसिद्ध झाला. सममितीवरून स्फटिकाचे गुणधर्म कसे ठरतात, याचे विवेचन त्यात आहे.