चार्ल्स एफ. ब्रश

चार्ल्स फ्रान्सिस ब्रश (१७ मार्च, १८४९ - १५ जून, १९२९) हे अमेरिकन अभियंता, संशोधक आणि उद्योजक होते. रस्त्यांवरील आर्क दिव्यांमुळे त्यांना कीर्ती लाभली. पवनचक्कीच्या साहाय्याने बॅटऱ्या भारित करून घर प्रकाशित करणाऱ्या आद्य संशोधकांतही त्यांची गणना होते.

प्रारंभिक जीवन व आर्क दिवे

ब्रश यांचा जन्म ओहायो राज्यातील युक्लिड येथे शेतकरी कुटुंबात झाला. मिशिगन विद्यापीठातून १८६९ मध्ये त्यांनी खाण अभियांत्रिकीची पदवी घेतली. १८७६ मध्ये त्यांनी डायनॅमो तयार केला. २९ एप्रिल, १८७९ रोजी क्लीव्हलँडच्या सार्वजनिक चौकात त्यांचे १२ आर्क दिवे उजळले. त्यानंतर अनेक शहरांनी त्यांची पद्धत स्वीकारली.

पवनचक्की

१८८७-८८ च्या हिवाळ्यात ब्रश यांनी क्लीव्हलँडमधील युक्लिड अव्हेन्यूवरील आपल्या वाड्यामागे पवनचक्की उभारली. स्कॉटलंडमध्ये जेम्स ब्लाइथ यांनी १८८७ मध्येच असा प्रयोग केला होता. मात्र ब्रश यांची यंत्रणा आकाराने मोठी व स्वयंचलित होती. तिच्या चक्राचा व्यास सुमारे १७ मीटर असून त्यास देवदाराची १४४ पाती होती. पट्ट्यांद्वारे डायनॅमोचा वेग चक्राच्या ५० पट होई. त्याची क्षमता १२ किलोवॅट होती. तळघरातील ४०८ घटांत ही वीज साठवली जाई.

वारा कधी मंद, तर कधी सोसाट्याचा. बॅटरीला मात्र ठरावीक मर्यादेतील विद्युतदाब लागतो. वारा पडल्यावर डायनॅमो जोडलेलाच राहिल्यास साठलेली वीज उलट त्याच्याकडे वाहू लागते. म्हणून दाब ७५ व्होल्टपर्यंत चढताच मंडल आपोआप जोडले जाई आणि तो ७० व्होल्टवर उतरताच तुटे. दाब ९० व्होल्टपलीकडे जाऊ नये, अशीही व्यवस्था होती. वादळात एक लहान उपपंख चक्राची कड वाऱ्याकडे वळवून त्याचे रक्षण करी.

या विजेवर सुमारे ३५० तंतुदिवे, दोन आर्क दिवे व काही मोटारी चालत. वारा फुकट असला, तरी यंत्रणेचा भांडवली खर्च एवढा मोठा होता की हा प्रकाश स्वस्त ठरत नव्हता. सुमारे २० वर्षे ही पवनचक्की कार्यरत होती. शहरी वीज मिळू लागल्यावर तिची गरज उरली नाही. मात्र भारणावर नियंत्रण, उलट प्रवाहास अटकाव आणि वादळापासून संरक्षण या तिन्ही गोष्टी वीजवाहिन्यांपासून दूर असलेल्या आजच्या लहान पवनसंचांतही अपरिहार्य आहेत.

उत्तरायुष्य

ब्रश यांची कंपनी १८८९ मध्ये थॉमसन-ह्यूस्टन कंपनीने विकत घेतली. त्यांना १८९९ मध्ये रम्फर्ड पदक व १९१३ मध्ये एडिसन पदक मिळाले. क्लीव्हलँड येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांचा वाडा पुढे पाडण्यात आला.