घर्षणाचा हिशेब मांडणारा शास्त्रज्ञ : जेम्स प्रेस्कॉट जूल

पदार्थविज्ञानाच्या तासाला एक उदाहरण आपण बहुतेकांनी सोडविलेले असते. उतरत्या फळीवरून लाकडी ठोकळा घसरत येतो, तळाच्या स्प्रिंगवर आदळून तिला दाबतो, आणि स्प्रिंग त्याला पुन्हा वर लोटते. परंतु ठोकळा आपल्या पहिल्या उंचीस काही केल्या पोचत नाही. आपण वहीत स्थितिज ऊर्जा, गतिज ऊर्जा आणि स्प्रिंगमध्ये साठलेली ऊर्जा यांची बेरीज-वजाबाकी मांडतो व जी तूट येते ती घर्षणाच्या खाती टाकून मोकळे होतो. ही तूट जाते कोठे? ती नाहीशी होते, की दुसऱ्या कोणत्या तरी रूपाने शिल्लक राहते?

गिरणीतून नुकत्याच दळून आणलेल्या पिठात हात घातला तर ते ऊन लागते. घर्षणाने उष्णता उत्पन्न होते हे अशा रीतीने सर्वांस ठाऊक होते. पण ती किती उत्पन्न होते, आणि नेहमी तितकीच होते काय, हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कोणीही खात्रीने सांगू शकत नव्हता. उष्णता हा एक वजनरहित द्रव असून तो निर्माण होत नाही वा नष्टही होत नाही, असेच बहुतेक विद्वान मानीत. काउंट रम्फर्ड याने 1798 साली, म्युनिकच्या कारखान्यात तोफांना भोके पाडताना निघणारी अखंड उष्णता दाखवून या मतास धक्का दिला होता. तथापि ते मत ढासळले नव्हते. ते ढासळविण्याचे काम ज्या थोड्या लोकांनी केले, त्यांत जेम्स जूल हा माझ्या मते सर्वांत चिकाटीचा होय.

त्याचा जन्म 24 डिसेंबर 1818 रोजी इंग्लंडातील मँचेस्टरलगतच्या सॅलफर्ड येथे झाला. वडिलांचा बिअर तयार करण्याचा मोठा कारखाना होता. जेम्सची प्रकृती लहानपणी नाजूक असल्याने त्याचे शिक्षण घरीच झाले. पुढे त्याला व त्याच्या भावाला गणित शिकण्यासाठी परमाणुवादाचा प्रणेता जॉन डाल्टन याच्याकडे पाठविण्यात आले. एवढा थोर गुरू लाभला खरा, पण विद्यापीठाची पायरी जूल कधी चढला नाही. कारखान्यात लक्ष घालावे आणि उरलेल्या वेळात घरच्या प्रयोगशाळेत रमावे, असा त्याचा क्रम होता. बिअरच्या धंद्यात तापमान सांभाळावे लागते; तेव्हा तापमापकाशी त्याची मैत्री लहान वयातच जमली असावी.

वाफेच्या एंजिनाऐवजी विजेची मोटर चालवावी, या व्यवहारी विचाराने त्याने आरंभ केला. हिशेब केला तेव्हा विद्युत्घटातील जस्त कोळशापेक्षा फारच महाग पडते असे दिसून आले. बेत फसला, परंतु त्या खटाटोपातून तारेत वाहणाऱ्या विजेपासून किती उष्णता निघते याचा नियम हाती आला. आज तो जूलचा नियम म्हणून शिकविला जातो. आता त्याच्या मनाने निराळाच प्रश्न धरला : अमुक इतके कार्य खर्ची घातले, तर नेमकी किती उष्णता मिळते?

1843 साली कॉर्क येथील ब्रिटिश असोसिएशनच्या सभेत त्याने आपले पहिले उत्तर मांडले. कोणी फारसे लक्ष दिले नाही. पुढील वर्षी त्याचा एक निबंध रॉयल सोसायटीने छापण्याचे नाकारले. 1847 साली ऑक्सफर्डच्या सभेत तर वेळ अपुरा असल्याचे सांगून अध्यक्षांनी त्याला थोडक्यात आटोपण्यास सुचविले. श्रोत्यांत तेवीस वर्षांचा विल्यम थॉमसन, म्हणजेच पुढे लॉर्ड केल्विन म्हणून प्रसिद्धीस आलेला शास्त्रज्ञ, बसला होता. त्याला ते सारे पटले नाही. पण त्यातील महत्त्व त्याने ओळखले, आणि तेथूनच त्या दोघांचा स्नेह जुळला.

त्याच वर्षी जूलचा विवाह झाला. मधुचंद्रासाठी आल्प्स पर्वतात गेलेला हा गृहस्थ हातात लांब तापमापक घेऊन धबधब्याच्या वरचे व खालचे तापमान मोजण्याच्या खटपटीत दिसला, अशी हकीकत थॉमसन पुढे सांगत असे. वेडेपणा वाटतो खरा. परंतु गणित करून पाहावे. पाणी 427 मीटर खाली पडले आणि त्याची सर्व ऊर्जा त्यातच राहिली, तर ते 1 अंश सेल्सिअसने तापते. आपल्याकडील गिरसप्प्याचा धबधबा सुमारे 253 मीटर उंचीचा. तेथे जास्तीत जास्त 0.6 अंशाचा फरक पडेल. आल्प्समधील पाण्याचे मात्र तुषार होऊन उडाल्यामुळे मोजमाप जमले नाही.

खरा विजय घराच्या तळघरात मिळाला. तांब्याच्या भांड्यात पाणी, पाण्यात पितळेच्या पात्यांची फिरकी, आणि फिरकीला दोऱ्या व कप्प्यांनी जोडलेली शिशाची दोन वजने, अशी ती रचना होती. प्रत्येक वजन सुमारे 13 किलोग्रॅमचे. ती सुमारे 1.6 मीटर खाली उतरत, फिरकी पाणी घुसळी. मग वजने पुन्हा वर गुंडाळावयाची. असे वीस वेळा! एवढ्या श्रमाने पाणी तापे ते अवघे तिसरा हिस्सा अंश सेल्सिअस. प्रयोग करणाऱ्याच्या अंगाची ऊब भांड्याला लागू नये म्हणून मध्ये लाकडी पडदा उभा केला होता, आणि तापमापक असा की फॅरनहाइट अंशाचा दोनशेवा भाग ओळखता यावा.

दोरी वजनहीन आणि कप्पी घर्षणरहित धरून उदाहरणे सोडविणाऱ्या आपणांस पुढचा भाग मुद्दाम सांगण्याजोगा आहे. जूलने असे काहीच धरले नाही. कप्प्यांच्या घर्षणात व दोरीच्या ताठरपणात किती कार्य गेले, ते मोजून वजा केले. वजने जमिनीस टेकताना त्यांच्या अंगी जो अल्प वेग उरे, त्याची गतिज ऊर्जा वजा केली. शिवाय, वजने टेकल्यावर ताणलेली दोरी स्प्रिंगप्रमाणे आखडते आणि फिरकीला आणखी किंचित ओढ देते; तेवढे कार्य मिळविले. पाण्याऐवजी पारा घेतला, बिडाच्या चकत्या एकमेकींवर घासून पाहिल्या, आणि त्या घासण्याच्या आवाजात गेलेली ऊर्जाही सोडली नाही. पदार्थ बदलले तरी उत्तर जवळजवळ तेच. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापविण्यास एक पौंड वजन 772 फूट उचलण्याइतके कार्य लागते. 1849 साली हा निबंध खुद्द फॅरेडेने रॉयल सोसायटीपुढे ठेवला, आणि पुढच्या वर्षी जूलला तिचे सदस्यत्व मिळाले.

आपल्या उदाहरणातली तूट अशा रीतीने सापडली. ती फळीत आणि ठोकळ्यात उष्णतेच्या रूपाने आहे. मात्र इतकी थोडी की हाताला जाणवू नये. जर्मनीत मायरने 1842 साली हाच विचार मांडला होता, आणि हेल्महोल्ट्झने 1847 साली त्याला गणिती रूप दिले. मान कोणाचा अधिक यावर पुढे बराच वाद माजला. विचाराचा पहिला मान मायरचा असेल. पण तोलून-मापून दिलेला पुरावा जूलचा आहे, असे म्हणणे न्याय्य होईल.

पुढील आयुष्य सुखाचे गेले नाही. 1854 साली पत्नी वारली आणि त्याच वर्षी कारखाना विकला गेला. तरीही काम चालूच राहिले. स्प्रिंगा, तारा व रबर ताणता-दाबताना त्यांचे तापमान कसे बदलते हे त्याने 1859 सालच्या निबंधात दाखविले. रबराचा पट्टा झटकन ताणून ओठाला लावावा. तो किंचित गरम लागतो. 1870 साली त्याला कॉप्ली पदक मिळाले. उतारवयात संपत्ती आटली, तेव्हा 1878 साली सरकारने वार्षिक 200 पौंडांचे वेतन चालू केले. साठीच्या घरात आलेल्या जूलने त्याच सुमारास तो जुना प्रयोग पुन्हा केला. या वेळी आकडा आला 772.55.

11 ऑक्टोबर 1889 रोजी सेल या गावी त्याचे निधन झाले. त्याच वर्षी पॅरिस येथील विद्युत् परिषदेने ऊर्जेच्या एककास त्याचे नाव दिले होते. त्याच्या थडग्याच्या दगडावर 772.55 हा आकडा कोरलेला आहे. आजच्या मापनाने तो सुमारे 778 येतो.