लॉईड जॉर्ज : नेता बदलला, पण पक्ष हरवला

समितीची बैठक असो वा शाळेच्या संस्थेची सभा, एक प्रश्न आम्ही गेली पंचवीस-तीस वर्षे ऐकत आलो आहोत. पुढारी लोकांच्या मनातून उतरला, त्याच्या हातून काम होईनासे झाले, तर त्याला बदलण्याची गोष्ट त्याच्याच माणसांनी काढावी की काढू नये? कोणी सांगतो, घरची भांडणे चव्हाट्यावर आणू नका. कोणी सांगतो, घर पेटले असताना गप्प बसणे हाच गुन्हा. आमच्या मते दोघांचेही म्हणणे अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे कोठे सापडते, याचा शोध घेताना आम्हाला एका परक्या देशातील माणसाचे चरित्र उपयोगी पडले. तो माणूस म्हणजे इंग्लंडचे पंतप्रधान डेव्हिड लॉईड जॉर्ज.

इंग्रजांच्या पंतप्रधानाशी सीमाभागातल्या मराठी माणसाचा काय संबंध, असे वाचकांना वाटेल. संबंध भाषेचा आहे. लॉईड जॉर्ज हे इंग्रज नव्हते, वेल्श होते. इंग्लंडच्या पश्चिमेला लागून असलेल्या वेल्स या डोंगराळ मुलखाची भाषा वेगळी, चालीरीती वेगळ्या. ब्रिटनच्या आजवरच्या पंतप्रधानांत मातृभाषा वेल्श आणि इंग्रजी नंतर शिकलेली, असे ते एकटेच.

त्यांचा जन्म १७ जानेवारी १८६३ रोजी मँचेस्टर शहरात झाला. वडील विल्यम जॉर्ज हे शाळामास्तर. मुलगा दीड वर्षाचाही झाला नव्हता तोच ते न्यूमोनियाने वारले. आई मुलांना घेऊन उत्तर वेल्समधील लानिस्टमडवी या खेड्यात भावाकडे आली. हा मामा, रिचर्ड लॉईड, गावात जोडे शिवण्याचा धंदा करी आणि रविवारी आपल्या पंथाच्या प्रार्थनामंदिरात प्रवचन करी. भाच्याला वकिलीच्या परीक्षेसाठी लॅटिन आणि फ्रेंच यायला हवे, म्हणून या मामाने स्वतः पुस्तके आणून त्या भाषा शिकायला घेतल्या आणि भाच्याला शिकवल्या. भाच्याने पुढे वडिलांच्या नावाआधी मामाचे नाव जन्मभर लावले, ते उगाच नव्हे.

त्या काळी वेल्समधील शाळांची स्थिती काय होती, हे आपल्या शिक्षकांनी मुद्दाम समजून घ्यावे. १८४७ साली सरकारने नेमलेल्या तीन इंग्रज अधिकाऱ्यांनी वेल्सच्या शिक्षणावर अहवाल दिला. तिघांपैकी एकालाही वेल्श येत नव्हते. वेल्श भाषा हीच या लोकांच्या प्रगतीतील अडचण, असा त्यांचा निष्कर्ष. अनेक शाळांत मूल वेल्श बोलताना सापडले की त्याच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवीत. दुसरे कोणी वेल्श बोलले की तो तुकडा त्याच्या गळ्यात जाई, आणि शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात तो असेल त्याला छडी मिळे. मुलांनीच मुलांवर पाळत ठेवावी, अशी ही युक्ती.

गावची शाळा इंग्लंडच्या राजमान्य चर्चची होती, पण बहुतेक मुले इतर पंथांच्या घरची. एकदा बडी मंडळी शाळा पाहायला आली. त्यांच्यापुढे चर्चचा धर्मपाठ म्हणायचा नाही, असे डेव्हिडने मुलांत ठरवले. मास्तरांनी सांगितले, पण एकही तोंड उघडेना. शेवटी डेव्हिडचा धाकटा भाऊ विल्यम याला मास्तरांची दया आली आणि त्याने पाठ सुरू केला. बंड पुकारले त्याच्याच घरात ते मोडले. पुढच्या साऱ्या आयुष्याची छाया या लहानशा प्रसंगात आम्हाला दिसते.

१८८४ साली ते वकील झाले. १८८८ साली एका वृद्ध खाणकामगाराच्या दफनावरून खटला गाजला. मुलीशेजारी आपल्या पंथाच्या विधीने पुरावे ही त्याची अखेरची इच्छा होती आणि स्थानिक धर्माधिकाऱ्याने ती नाकारली होती. लॉईड जॉर्ज यांनी कुटुंबाची बाजू वरच्या न्यायालयापर्यंत नेऊन जिंकली. गरिबांचा वकील म्हणून नाव झाले आणि १८९० सालच्या पोटनिवडणुकीत कार्नार्व्हन मतदारसंघातून ते उदारमतवादी पक्षातर्फे अवघ्या १८ मतांनी निवडून आले. ती जागा त्यांनी पुढे जवळजवळ ५५ वर्षे राखली.

पहिली काही वर्षे त्यांनी वेल्सचाच प्रश्न लावून धरला. वेल्समधून राजमान्य चर्चचा अंमल उठवा, या मागणीला आपलेच सरकार टाळाटाळ करते असे पाहून १८९४ साली त्यांनी आणि आणखी तीन वेल्श खासदारांनी पक्षाची शिस्त झुगारली. वेल्सला स्वतःचा कारभार मिळावा म्हणून त्यांनी चळवळ चालवली. परंतु जानेवारी १८९६ मध्ये न्यूपोर्ट येथील सभेत दक्षिण वेल्सच्या उदारमतवाद्यांनीच ती उधळली. दक्षिणेकडची बंदरे आणि कोळशाच्या खाणींचा मुलूख इंग्रजीकडे झुकलेला होता आणि उत्तरेकडच्या वेल्श खेडुतांचे वर्चस्व त्यांना नको होते. एका भाषेच्या लोकांत अशी फूट पडली. त्यानंतर लॉईड जॉर्ज यांनी लंडनचे राजकारण हेच आपले क्षेत्र मानले.

त्या राजकारणात त्यांनी केलेले काम मोठे आहे. बोअर युद्धाला विरोध केला म्हणून १९०१ साली बर्मिंगहॅमच्या सभागृहाला जमावाने वेढा घातला आणि त्यांना पोलिसाच्या वेषात बाहेर पडावे लागले, पण मत बदलले नाही. १९०८ साली आस्क्विथ पंतप्रधान झाले आणि लॉईड जॉर्ज अर्थमंत्री. १ जानेवारी १९०९ पासून सत्तरी ओलांडलेल्या गरिबांना आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत निवृत्तिवेतन सुरू झाले. त्याच वर्षी जमीनदारांवर कर बसवणारा अर्थसंकल्प आला. उमरावांच्या सभागृहाने तो फेटाळला, तेव्हा १९११ च्या कायद्याने त्या सभागृहाचा नकाराधिकारच छाटला गेला. त्याच साली कामगारांसाठी आजारपणाचा आणि बेकारीचा विमा आला. या सर्व लढ्यांत आस्क्विथ आणि लॉईड जॉर्ज खांद्याला खांदा लावून उभे होते, हे पुढचा भाग वाचताना विसरू नये.

१९१४ साली महायुद्ध पेटले. शांततेच्या काळात शोभणारा आस्क्विथ यांचा सबुरीचा स्वभाव युद्धात अडचणीचा ठरू लागला. तोफगोळे कमी पडले, गॅलिपोलीची मोहीम फसली, १९१६ साली सोम नदीकाठी हजारो तरुण कापले गेले. सप्टेंबरात त्याच रणभूमीवर आस्क्विथ यांचा थोरला मुलगाही पडला. वीसहून अधिक मंत्र्यांच्या बैठकीत निर्णय लांबत होते आणि वृत्तपत्रे रोज टीका करीत होती. मे १९१५ पासून सरकार सर्वपक्षीय होते. लॉईड जॉर्ज यांनी दारूगोळा खात्याचा कारभार धडाडीने सांभाळला होता आणि आता ते युद्धमंत्री होते.

युद्ध चालवण्यासाठी तीन-चार जणांचीच समिती असावी आणि तिचे अध्यक्षपद आपल्याकडे असावे, असे त्यांनी सुचवले. मागे पाठबळ होते ते विरोधी हुजूर पक्षाचे बोनर लॉ आणि कार्सन यांचे. ३ डिसेंबर १९१६ रोजी आस्क्विथ यांनी जवळजवळ मान्यता दिली. दुसऱ्या दिवशी त्यांचा पाणउतारा करणारा अग्रलेख लंडनच्या टाइम्समध्ये आला. बातमी लॉईड जॉर्ज यांच्या गोटातून फुटली, असा संशय घेऊन त्यांनी शब्द फिरवला. ५ डिसेंबरला लॉईड जॉर्ज यांनी राजीनामा दिला, हुजूर पक्षाच्या मंत्र्यांनीही साथ सोडली आणि त्याच संध्याकाळी आस्क्विथ पायउतार झाले. ७ डिसेंबरला जोडे शिवणाऱ्या मामाचा भाचा पंतप्रधान झाला.

हा बदल गरजेचा होता, असे आमचे मत आहे. पाच जणांच्या युद्ध मंत्रिमंडळाने निर्णयाला वेग आणला आणि युद्ध जिंकले. पण नव्या पंतप्रधानांच्या मागे त्यांचा स्वतःचा पक्ष अर्धाच आला. मोठे उदारमतवादी मंत्री आस्क्विथ यांच्याबरोबर बाहेर राहिले. पक्षाचे नेतेपद आस्क्विथ यांच्याकडेच राहिले आणि पंतप्रधानपद लॉईड जॉर्ज यांच्याकडे आले. एका घराला दोन कर्ते झाले.

तरीही तेव्हा सांधा जुळवता आला असता. पदावरून गेलेल्या माणसाला आणि त्याच्या सोबत्यांना सन्मानाने पुन्हा बोलावण्याची खरी जबाबदारी जिंकणाऱ्यावर असते. घडले उलटेच. मे १९१८ मध्ये सैन्याच्या आकड्यांवरून सरकारवर खोटेपणाचा आरोप झाला आणि आस्क्विथ यांच्या ठरावाच्या बाजूने ९८ उदारमतवादी खासदारांनी मत दिले. डिसेंबरात निवडणूक आली. लॉईड जॉर्ज आणि बोनर लॉ यांच्या सहीचे शिफारसपत्र ज्याला मिळेल तोच सरकारचा उमेदवार ठरला. किती तरी जुन्या उदारमतवाद्यांच्या विरोधात हुजूर उमेदवाराला त्यांच्याच पंतप्रधानाच्या सहीचे पत्र मिळाले. मे महिन्यातील मताचा हा सूड, असा समज पक्षात पक्का झाला. आस्क्विथ ३२ वर्षांची जागा हरले. आमच्या मते पक्ष १९१६ साली फुटला नाही. तेव्हा तडा गेला होता, भिंत पडली ती १९१८ साली.

त्या विजयानंतर सरकारी बाकांवर बहुसंख्य हुजूर पक्षाचे होते आणि पंतप्रधान त्यांचे पाहुणे. हा काळ आपल्यालाही ठाऊक आहे. लोकमान्य टिळक चिरोल खटल्यासाठी विलायतेत होते ते याच पंतप्रधानांच्या कारकिर्दीत, आणि जालियनवाला बागेचे हत्याकांड घडले तेही याच काळात. लहान भाषेच्या मुलखातून आलेल्या या माणसाने आयर्लंडवर सशस्त्र दल सोडून अत्याचार होऊ दिले, मग डिसेंबर १९२१ मध्ये तह केला. ऑगस्ट १९२२ मध्ये ब्रिटिश सनदी नोकरशाहीवाचून हिंदुस्थानचा कारभार चालणार नाही, असे त्यांनी संसदेत सांगितले. स्वतः सोसलेले दुःख दुसऱ्याच्या बाबतीत आठवतेच असे नाही.

मग पाळी त्यांच्यावर आली. पदव्या पैशासाठी विकल्या जातात, हा बोभाटा झाला. तुर्कस्तानशी नव्या युद्धाचा धोका निर्माण झाला. लोक कंटाळले, तरी हुजूर पक्षाचे नेते ऑस्टिन चेंबरलेन त्यांनाच चिकटून राहिले. तेव्हा साध्या खासदारांनी आपल्या नेत्याविरुद्ध आवाज उठवला. १९ ऑक्टोबर १९२२ रोजी लंडनच्या कार्लटन क्लबमध्ये सभा भरली. त्याच सकाळी बातमी आली, की न्यूपोर्टच्या पोटनिवडणुकीत आघाडीबाहेर लढलेला हुजूर उमेदवार निवडून आला. १८९६ साली जेथे वेल्सची चळवळ बुडाली तेच हे न्यूपोर्ट. बाल्डविन आणि आजारपणातून उठून आलेले बोनर लॉ स्वतंत्र लढण्याच्या बाजूने बोलले. दुपटीहून अधिक मतांनी ठराव मंजूर झाला. चेंबरलेन यांचे नेतेपद गेले आणि लॉईड जॉर्ज यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला.

या दोन बंडांत एक फरक आहे. १९२२ चे बंड पक्षाच्या सभेत, उघड मतदानाने झाले. हरलेले काही काळ रुसले, पण दोन वर्षांत चेंबरलेन पुन्हा मंत्रिमंडळात आले आणि पक्ष अभंग राहिला. १९१६ चे बंड बंद दाराआड, दुसऱ्या पक्षाच्या आधाराने झाले आणि हरलेल्यांना परत येण्याची वाट उरली नाही. १९२३ साली उदारमतवाद्यांचे दोन्ही गट एकत्र आले खरे, परंतु लॉईड जॉर्ज यांनी पदव्यांतून जमवलेला निधी स्वतःच्याच ताब्यात ठेवला आणि मने जुळली नाहीत. १९२४ साली पक्षाला ४० जागा मिळाल्या. त्याची जागा मजूर पक्षाने घेतली आणि उदारमतवाद्यांना स्वबळावर सरकार पुन्हा कधीच बनवता आले नाही. १९३१ नंतर संसदेत लॉईड जॉर्ज यांच्या गटात चार खासदार उरले : ते स्वतः, मुलगा, मुलगी आणि एक नातलग.

मे १९४० मध्ये, सत्याहत्तराव्या वर्षी, ते संसदेत नेव्हिल चेंबरलेन यांच्याविरुद्ध बोलले. सरकारचे मताधिक्य ८१ वर घसरले, चेंबरलेन गेले आणि चर्चिल आले. त्यांनी देऊ केलेले पद मात्र लॉईड जॉर्ज यांनी घेतले नाही. २६ मार्च १९४५ रोजी मामाच्या गावी त्यांचे निधन झाले आणि तेथेच नदीकाठी, ज्या मोठ्या दगडावर ते बसत असत त्याखाली, त्यांना पुरले.

घरी ते अखेरपर्यंत वेल्श बोलत. पण भाषेचे काय झाले? १९०१ साली वेल्समधील जवळजवळ निम्मे लोक वेल्श बोलत होते. १९२१ च्या शिरगणतीत ते प्रमाण ३७ टक्क्यांवर आले, आणि त्यातली पंधराहून अधिक वर्षे हा वेल्श माणूस मंत्री किंवा पंतप्रधान होता. वेल्श भाषेला न्यायालयात आणि कचेरीत स्थान देणारे १९४२, १९६७ आणि १९९३ चे कायदे आले ते शिक्षक, पालक आणि गावोगावच्या कार्यकर्त्यांच्या नेटामुळे. एका थोर माणसाच्या उंचीवर भाषा उभी राहत नाही, हे आम्ही मराठी शाळेचा पट मोजताना दर जूनमध्ये शिकतो.

म्हणून पुढच्या बैठकीत नेतृत्वाचा विषय निघाला तर कोणी घाबरू नये. बोलावे, पण बैठकीतच बोलावे. मत घ्यावे, पण आपल्याच माणसांचे. समोरच्या पक्षाच्या खांद्यावर बसून आपल्या घराचे दार उघडू नये. आणि हात वर करून ठराव संमत झाला, की हरलेल्याच्या घरी दुसऱ्या दिवशी चहाला कोणी जायचे, हेही त्याच बैठकीत ठरवूनच उठावे.